उत्तर छापणाऱ्या ओळीचा इतिहास: प्रिंटएफ, सी-आउट आणि माझे हरवलेले आकडे

संशोधनाच्या प्रोग्रॅममध्ये सगळ्यात दुर्लक्षित ओळ कोणती? माझ्या मते, निकाल छापणारी. अल्गोरिदमवर आपण महिने घालवतो, आणि उत्तर स्क्रीनवर किंवा फाइलमध्ये टाकणारी ओळ मात्र जुन्या प्रोग्रॅममधून उचलून चिकटवतो. मीही तेच करायचे.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी दोन पद्धतींचा खर्च मोजत होते. प्रोग्रॅम सी प्लस प्लसमध्ये, निकाल सी-आउटने फाइलमध्ये. तीन आठवड्यांनी फाइल उघडली तर दोन्ही रकान्यांत ओळीमागून ओळी सारख्याच! खरी उत्तरं होती १२३४५६६ आणि १२३४५७४ अशा जातीची. फाइलमध्ये मात्र दोन्हीकडे १.२३४५७ गुणिले दहाचा सहावा घात. फरक लहान होता, पण माझा सगळा दावा त्या फरकावर उभा होता. सी-आउट काही सांगितलं नाही तर दशांश संख्येचे सहाच अर्थपूर्ण अंक छापतो, हे मला तेव्हा कळलं. सगळे रन पुन्हा करावे लागले.

मग प्रश्न पडला, सहाच का? आणि हा निर्णय कोणी, कधी घेतला? तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल तर असा प्रश्न सोडू नका. त्याच्या मागे गेलात की एक अख्खा वाद सापडतो.

सुरुवात ऑब्जेक्टच्या आधीची आहे. १९५७ मध्ये आयबीएमच्या ७०४ मशीनसाठी फोरट्रान आली. तिच्यात फॉरमॅट नावाचं वेगळं विधान होतं: काय छापायचं ते एकीकडे, कसं छापायचं ते दुसरीकडे. केंब्रिजच्या मार्टिन रिचर्ड्स यांच्या बीसीपीएल भाषेत राइटएफ आलं, आणि पुढे सी भाषेत प्रिंटएफ. कल्पना सोपी आहे. एक वाक्य लिहायचं, त्यात टक्क्याच्या खुणेने रिकाम्या जागा ठेवायच्या आणि मागून किमती पुरवायच्या. दशांशानंतर किती अंक हवेत ते सांगितलं नाही, तर प्रिंटएफ सहा धरतो. म्हणजे हा सहा तिथला.

प्रिंटएफची अडचण काय? रिकामी जागा मजकुराची आणि पुरवलेली किंमत आकड्याची, असं झालं तरी सी भाषेचे नियम कंपायलरला ते पकडायची सक्ती करत नाहीत. आकडा पत्ता समजून वाचला जातो आणि प्रोग्रॅम कोसळतो. दुसरी अडचण अशी की तुम्ही स्वतः बनवलेला प्रकार, समजा संमिश्र संख्या, त्याच्यासाठी प्रिंटएफकडे खूणच नाही.

आता ऑस्लोला चला. नॉर्वेतल्या ओले-योहान दाल आणि क्रिस्टेन निगार्ड यांनी सिम्युला ६७ बनवली, आणि क्लास, ऑब्जेक्ट या कल्पना तिथून आल्या. सिम्युलात कीबोर्ड किंवा कार्ड वाचणारा ‘सिसइन’ हा ऑब्जेक्ट, छापणारा ‘सिसआउट’ हाही ऑब्जेक्ट. पूर्णांक छापायला आउटइंट, त्याला किंमत आणि रकान्याची रुंदी द्यायची. ओळ पूर्ण झाली की आउटइमेज म्हणायचं. इमेज म्हणजे इथे चित्र नव्हे. पंचकार्डाची किंवा छापील ओळीची मेमरीतली प्रतिमा. त्या काळी मशीन अक्षर-अक्षर नाही, तर अख्खी ओळ घ्यायचं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हे दोन प्रवाह एका पीएचडीच्या विद्यार्थ्याकडे एकत्र आले. ब्यार्न स्ट्रॉस्ट्रप केंब्रिजमध्ये होते. त्यांनी आपला सिम्युलेटर सिम्युलात लिहिला. लिहायला सुंदर, चालायला फार संथ. शेवटी तो बीसीपीएलमध्ये पुन्हा लिहावा लागला. चालला वेगात, पण लिहिताना जीव मेटाकुटीला आला. १९७९ मध्ये बेल लॅब्जमध्ये त्यांनी जे काम सुरू केलं, त्याचं पुढे सी प्लस प्लस झालं. त्याच्या मुळाशी हा अनुभव आहे.

छापण्यासाठी त्यांना प्रिंटएफइतकं सुटसुटीत, पण प्रकार तपासणारं आणि नव्या क्लासलाही चालणारं काहीतरी हवं होतं. फंक्शनऐवजी चिन्ह वापरण्याची सूचना डग मॅकिलरॉय यांची. युनिक्सच्या शेलमध्ये आउटपुट वळवायला बाणासारखं चिन्ह वापरतात, तसं. आधी साधं ‘पेक्षा लहान’चं चिन्ह करून पाहिलं. पण ते वाचताना लोकांच्या डोक्यात तुलनाच यायची, आणि कीबोर्डवर स्वल्पविराम त्याच कळीवर असल्याने चुकून स्वल्पविराम पडायचा. शेवटी बिट सरकवण्याचं << हे चिन्ह निवडलं. आता तुमच्या क्लाससाठी हे चिन्ह तुम्हीच लिहू शकता आणि चूक प्रकार कंपायलरच अडवतो.

पण किंमत मोजावी लागली. ‘कसं छापायचं’ ही माहिती आता वाक्यात न राहता स्ट्रीम नावाच्या ऑब्जेक्टच्या पोटात गेली. एकदा हेक्स म्हटलं की पुढचे सगळे पूर्णांक हेक्समध्येच. अंकांची संख्या ठरवली की तीही चिकटून राहते, रुंदी मात्र एका छपाईपुरतीच. जेरी श्वार्झ यांनी ही लायब्ररी नव्याने बांधली आणि ती १९८९ च्या आवृत्तीत आली. काही न सांगितल्यास धरायचे अंक मात्र प्रिंटएफसारखे सहाच. माझे तीन आठवडे इथे गेले!

जावाची गोष्ट याच्या उलटी. १९९६ च्या पहिल्या जावात प्रिंटएफ नव्हतं, कारण हव्या तितक्या किमती घेणारी मेथडच भाषेत नव्हती. सिस्टिम-इन वाचायचं म्हणजे बाइट्स हाती यायचे. १९९७ मध्ये अक्षरं वाचणारे रीडर आले आणि एकावर एक कागद गुंडाळावेत तसे ऑब्जेक्ट गुंडाळणं आपण पाठ करू लागलो. २००४ च्या जावा ५ मध्ये भाषेला ती सोय मिळाली आणि प्रिंटएफ परत आलं. आता प्रकार चुकला तर प्रोग्रॅम चालताना स्पष्ट एक्सेप्शन मिळते. सोबत स्कॅनर आला.

स्कॅनरचा तो प्रसिद्ध घोळ तुम्हीही अनुभवला असेल: नेक्स्टइंटने वय वाचलं, नेक्स्टलाइनने नाव वाचायला गेलो, तर नाव रिकामं! कारण नेक्स्टइंट ‘शब्द’ वाचतो आणि एंटर तिथेच सोडतो. नेक्स्टलाइन ‘ओळ’ वाचतो, त्याला तो उरलेला एंटर मिळतो. म्हणजे सिम्युलाच्या ओळीचा विचार आणि स्ट्रीमच्या अखंड प्रवाहाचा विचार एकाच ऑब्जेक्टमध्ये नांदतायत. कोणीतरी गंमत म्हणून ठेवलेला हा बग नाही, दोन जुन्या कल्पनांचा सांधा आहे.

आणि शेवटी चक्र फिरलं. सी प्लस प्लस २० मध्ये व्हिक्टर झ्वेरोविच यांच्या लायब्ररीवरून ‘फॉरमॅट’ आलं: पुन्हा वाक्य आणि रिकाम्या जागा, पण तपासणी कंपायलरची. म्हणून ‘प्रिंटएफ जुनं, स्ट्रीम नवी, तेव्हा स्ट्रीम चांगली’ असं थीसिसच्या पार्श्वभूमीच्या प्रकरणात लिहू नका. प्रत्येक टप्प्याने कोणता प्रश्न सोडवला आणि कोणता नवीन उभा केला, ते लिहा.

एक प्रश्न अजून आपल्या दारात उभा आहे. ‘मराठी’ या शब्दात डोळ्याला तीन अक्षरं दिसतात. युनिकोडच्या हिशेबात ती पाच, यूटीएफ-८ मध्ये पंधरा बाइट्स. सी प्लस प्लसच्या स्ट्रीमची रुंदी बाइट्स मोजते, जावाचं प्रिंटएफ पाच मोजतं. तीन या दोघांपैकी कोणीच मोजत नाही. मराठी मजकुराचे रकाने वाकडे येतात ते यामुळे. भाषेवर काम करणार असाल तर हे आधीच तपासा.

आज रात्री एवढं करा. तुमच्या प्रोग्रॅममधली निकाल छापणारी ओळ उघडा. साठवायची फाइल आणि वाचायचा तक्ता वेगळे ठेवा. डबल प्रकारची संख्या साठवताना सतरा अर्थपूर्ण अंक लिहा. तेवढ्यावरून तीच संख्या परत मिळते. तक्त्यात हवं तर दोनच दाखवा. साठवताना गेलेला अंक परत आणायचा तर रनच पुन्हा करावा लागतो, हे माझ्याकडून ऐकून ठेवा.