बरं झाल्यानंतरची तपासणी

१९८५ साली फिट्झह्यू मुलन या अमेरिकी डॉक्टरांनी, स्वतः कर्करोगातून उठल्यावर, लिहिलं की रोग गेला म्हणून प्रकरण मिटत नाही. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये १९९१ साली, लहानपणी कर्करोग होऊन गेलेल्यांसाठी वेगळं क्लिनिक निघालं.

लहानपणचा कर्करोग आणि पुढे होणारा मधुमेह यांतला धागा उशिरा हाती लागला. अमेरिकी संशोधकांनी या बऱ्या झालेल्या रुग्णांची तुलना केली ती त्यांच्याच भावंडांशी. युक्ती नामी! घर तेच, ताटही बहुधा तेच. २००९ साली आकडे आले: मधुमेहाची शक्यता १.८ पट, पोटावर किरणोपचार झालेल्यांत २.७ पट, सर्वांगावर झालेल्यांत तब्बल ७.२ पट. वजन हिशेबात धरूनही फरक उरलाच. म्हणजे लठ्ठपणावर खापर फोडायची सोय नाही.

२०१२ मध्ये फ्रेंच-ब्रिटिश अभ्यासाने किरणांचा फटका बसतो ती नेमकी जागा दाखवली: स्वादुपिंडाची शेपटी. इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी तिथेच दाटीने असतात.