मोडीतला संसार

वाटणीच्या दाव्यात स्थावराच्या वर्णनानंतर जंगम मिळकतीची एक यादी जोडलेली असते. ‘तांब्याचा बंब नग एक, पितळी समया नग दोन, घंगाळ नग एक, पाट नग सहा, पैकी एक मोडका’ अशा थाटाची ती यादी न्यायाधीश सहसा वाचीत नाहीत, प्रतिपक्षाचे वकील वाचीत नाहीत, आणि खरे सांगावयाचे तर ज्याने ती लिहिली तो कारकूनही ती पुन्हा वाचीत नसावा. आम्ही मात्र वकिलीस प्रारंभ केल्यापासून ह्या याद्या आवडीने वाचीत आलो आहो. बखरकार दरबाराच्या उंबरठ्यापाशी थांबतो. तो माजघरात शिरत नाही. माजघरात शिरतो तो बेलिफ. तेव्हा मराठी घरात आत काय होते हे जाणून घेण्याची ज्यास इच्छा असेल त्याने बखरीपेक्षा बेलिफाचा पंचनामा चाळावा, असे आमचे मत आहे.

ह्या वाचनाचा उपयोग पुढे एका घरगुती कामी झाला. आम्ही राहतो बडोद्यास, कारेलीबागेत, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. दोन वर्षांपूर्वी आम्ही उभयतांनी संखेड्याच्या बाजूस, ओरसंग नदीपासून थोड्या अंतरावर, गावठाणातले एक जुने घर घेतले. भिंती मातीच्या, छप्पर देशी नळ्यांचे, पुढे ओटी, मागे परसू. ते मांडण्याचा विचार निघाला तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी एकच नियम घातला: घरात जे आणावयाचे ते एकतर हाताने घडविलेले असावे, नाही तर कोणीतरी आधी वापरलेले असावे. नियम ऐकावयास सोपा वाटला. परंतु तो पाळू लागताच प्रश्न पडला, की आपल्या जुन्या घरांतून ‘सजावट’ म्हणून अशी कोणती वस्तू असे? याद्या आठवून पाहिल्या, एकही आठवेना.

शोभा नव्हती असे मुळीच नाही. ज्यांस शंका असेल त्यांनी आमच्या रावपुऱ्यातला तांबेकरांचा वाडा पाहावा. विठ्ठल खंडेराव ऊर्फ भाऊ तांबेकर हे १८४९ ते १८५४ ह्या काळात बडोद्याचे दिवाण होते. त्यांच्या वाड्यातील भिंतींवर कृष्णलीला, पौराणिक प्रसंग आणि लढाईची दृश्ये रंगविलेली आहेत, आणि पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणामुळे ती आजही पाहावयास मिळतात. पण ही शोभा घराच्या अंगची आहे. ती भिंतीत आहे, खांबाच्या तोडीत आहे. उचलून नेता येईल अशी ती नाही. उचलून नेता येण्याजोगे जे होते, ते सगळे कामाचे होते. लामणदिव्यावर पितळी हंस बसलेला असे, पण दिवा लागे तो देवापुढे अंधार पडू नये म्हणून. अडकित्त्याच्या मुठी मोराच्या असत, पण त्याने सुपारी कातरली जाई. कोंकणातील आमच्या आजीच्या घरी विळी, म्हणजे मालवणीत ‘आडाळो’, इतकी डौलदार होती की आज ती एखाद्या काचेच्या कपाटात सहज शोभेल; परंतु आजीने तिच्याकडे कौतुकाने पाहिल्याचे आम्हांस स्मरत नाही. धार गेली म्हणजे मात्र ती पाही.

केवळ पाहण्यासाठी विकत आणलेली वस्तू मध्यम स्थितीतील मराठी घरात आली ती बहुधा तसबिरीच्या रूपाने, आणि तिची वाट बडोद्यावरूनच गेली, हे आम्हां बडोदेकरांस थोड्या अभिमानाने सांगता येईल. सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्म्याकडून १८८८ ते १८९० च्या दरम्यान पौराणिक विषयांवरील चौदा चित्रे लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी करवून घेतली. त्यानंतर १८९४ साली रविवर्म्याचा छापखाना मुंबईत निघाला. राजवाड्यातल्या देवता छापील कागदावर उतरल्या, काचेच्या चौकटीत बसल्या, आणि संगमेश्वरापासून सावंतवाडीपर्यंतच्या ओट्यांवर खिळ्याला टांगल्या गेल्या. त्याच तसबिरी आज जुन्या बाजारात वाळवी लागलेल्या चौकटींसह हारीने उभ्या असतात. आम्हीही एक लक्ष्मी आणली. तिच्या एका हातास ओल लागली आहे, म्हणून चार पैसे कमी पडले.

जुन्या लाकडाचे वेड तरी आपणांकडे आधी कोणाला लागले? गुजरातेपुरते बोलावयाचे तर एका अमेरिकन गृहस्थाचे नाव घ्यावे लागते. लॉकवुड डी फॉरेस्ट हा न्यूयॉर्कचा चित्रकार १८८१ साली अहमदाबादेस आला, तेथील पोळांतल्या घरांचे कोरीव झरोके पाहून थक्क झाला, आणि मगनभाई हठीसिंग ह्यांच्या साहाय्याने त्याने सुतारांचा एक कारखानाच उभा केला. तेथले कोरीवकाम जहाजाने अमेरिकेस जाऊ लागले. न्यूयॉर्कच्या दहाव्या रस्त्यावर त्याने स्वतःचे घर बांधले त्याच्या दर्शनी भागास अहमदाबादी पद्धतीचा कोरीव सागवानी झरोका आहे. आमच्याकडे १८९० साली सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढले आणि त्रिभुवनदास गज्जर ह्यांच्या हाती ते सोपविले. तेथे सुतारकाम, रंगकाम इत्यादि विद्या शिकविल्या जात. एकीकडे जुन्या हुन्नरास शाळा मिळत होती, दुसरीकडे त्यास परदेशी गिऱ्हाईक मिळत होते. मधल्या माणसाने मात्र, म्हणजे तुमच्या-आमच्या आजोबांनी, त्याकडे फारसे पाहिले नाही, कारण ती वस्तू त्यांच्या घरी होतीच.

ती घराबाहेर केव्हा पडली? ह्या प्रश्नाशी आमच्या धंद्याचा निकट संबंध आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या (१९०८) साठाव्या कलमान्वये ऋणकोची व त्याच्या बायकामुलांची आवश्यक वस्त्रे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे आणि शेतकऱ्याची अवजारे जप्त करता येत नाहीत. सावकाराने घर घेतले तरी तपेले घेऊ नये, एवढी दया कायद्याने दाखविली. परंतु जे सावकाराला नेता आले नाही ते आम्ही आपल्या हातांनी दारावर आणून दिले. पोलादाची, म्हणजे आपण ज्यास ‘स्टील’ म्हणतो त्याची भांडी घरोघरी आली. त्यांस कल्हई नको, चिंच नको, राख नको. मग तांब्यापितळेची रास मोडीत गेली. मोडीचा भाव वजनावर. समईचा हंस कापून वेगळा तोलला काय, की समईसकट तोलला काय, किलोमागे दर एकच. ह्या व्यवहारात बायकांचे श्रम वाचले हे आम्ही नाकारीत नाही; जी बाई रोज पहाटे पाच घागरी घासते तिला घागरीच्या सौंदर्यावर व्याख्यान देण्याचा अधिकार निदान पुरुषांस नाही. तरीपण दोन पिढ्यांच्या अवधीत एवढा मोठा संचय एवढ्या निमूटपणे वितळला, ह्याची नोंद कोठे तरी असावयास हवी होती.

ती नोंद ज्यांनी ठेवली त्यांत पुण्याचे दिनकर केळकर (१८९६–१९९०) अग्रगण्य होत. ‘अज्ञातवासी’ ह्या नावाने कविता लिहिणाऱ्या ह्या गृहस्थांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू गोळा करावयास सुरुवात केली. लोक तलवारी जमवीत तेव्हा हे अडकित्ते जमवीत; दिवे, दौती, वज्र्या, कुंकवाचे करंडे, वाड्यांचे दरवाजे. पत्नी कमलाबाई ह्यांचा त्यांस पुरा पाठिंबा होता. आपल्या अकाली निवर्तलेल्या राजा नावाच्या मुलाच्या स्मरणार्थ त्यांनी संग्रहास त्याचे नाव दिले आणि १९७५ साली सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. अहमदाबादेस सुरेंद्र पटेल ह्यांनी ‘विशाला’त १९८१ साली भांड्यांचे संग्रहालय उघडले. आमच्या कोंकणी वाचकांस बाणावलीचे ‘गोवा चित्र’ ठाऊक असेलच. व्हिक्टर ह्यूगो गोमिश ह्यांनी शेतकऱ्याने आणि कारागिराने टाकून दिलेली अवजारे वेचून २००९ साली ते उभे केले, आणि त्याच्या बांधणीतही पाडलेल्या गोमंतकीय घरांचे लाकूड व दारे-खिडक्या वापरल्या. खुद्द बडोद्यास ललितकला शाखेतले ज्योती भट्ट ह्यांनी १९६७ पासून खेडोपाडी हिंडून भिंतींवरील चित्रे आणि अंगणातल्या रांगोळ्या कॅमेऱ्यात धरल्या, कारण ती शोभा मोडीतही विकता येत नाही. पावसाळा आला की ती जाते.

आम्ही संग्राहक नव्हे. आमचा हेतू ओटी भरण्याचा. त्या निमित्ताने संखेड्यास वारंवार जाणे झाले. बडोद्यापासून सुमारे पंचेचाळीस किलोमीटरांवरील ह्या गावी खरादी लोक सागवानावर लाखेचे काम करतात. तेथला पाळणा आणि झोपाळा ज्याने पाहिला असेल त्यास त्यावरची सोनेरी वेलबुट्टी आठवेल. आम्हीही ती सोन्याच्या वर्खाची समजत होतो. प्रत्यक्ष पाहिले तेव्हा कळले की ते कथील आहे. कथलाची पूड सरसात खलून कुंचल्याने नक्षी काढतात. ती रुपेरी दिसते. मग लाकूड खरादावर फिरवीत वरून पारदर्शक लाख ऊन करून बसवितात, आणि त्या लाखेखाली रुपेरीचे सोनेरी होते. केवड्याच्या पानाने घासून झिलई आणतात. सावंतवाडीचे चितारीही लाखेचेच काम करतात. त्यांची गोल गंजिफा आणि लाकडी खेळणी शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी ह्यांनी राजवाड्यात हुन्नरशाळेसारखी सोय करून विस्मृतीतून वर काढली. आम्ही संखेड्याहून एक झोपाळा आणि सावंतवाडीहून दशावतारी गंजिफांचा एकशेवीस पानांचा जोड आणला. झोपाळा रोज हलतो. गंजिफा खेळता येणारा इसम अद्याप भेटावयाचा आहे.

जुन्या बाजाराविषयी धंद्याच्या सवयीने दोन शब्द सांगतो. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावशेष ठरू शकते. ती परदेशी पाठविण्यास बंदी आहे आणि काही प्रकारच्या वस्तू नोंदवाव्या लागतात. हस्तिदंताच्या वाटेस तर जाऊच नये. आणि चोराकडून घेतलेल्या मालावर घेणाऱ्याची मालकी लागत नाही, मग त्याने दाम कितीही मोजलेले असोत. इंग्लंडात विवक्षित खुल्या बाजारात उजेडी घेतलेल्या मालास ह्या नियमातून सूट असे. ती १९९४ च्या कायद्याने गेली. आपणांकडे ती नव्हतीच. तेव्हा विकणाऱ्यास ‘ही वस्तू कोठून आली?’ असे विचारावे. आम्ही तसे विचारीत असू, आणि ‘घरातून आली, साहेब’ हे एकच उत्तर मिळे.

अशाच एका ‘घरातून’ आलेली तांब्याची घागर आम्ही गतवर्षी घेतली. दुकानदाराने ती काट्यावर ठेवली, भाव सांगितला, आम्ही घासाघीस केली. घरी आणून काळिमा काढला तेव्हा गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली बाळबोध अक्षरे दिसू लागली. एका सौभाग्यवतीचे नाव, आडनाव, ‘मावशीकडून’ आणि ‘सन १९३४’. रुखवतात मांडलेली असणार. नाव येथे देत नाही. सौभाग्यवतींनी तिच्यात वाळक्या गवताचे तुरे घालून ती कोपऱ्यात ठेवली होती, आणि शोभा चांगली आली होती, हेही कबूल केले पाहिजे. पण ते आडनाव मनातून जाईना. बडोद्यात ते विरळा. गणेशोत्सवातल्या ओळखींतून चौकशी करता त्या घराण्यातला नातू आमच्याच कारेलीबागेत, दोन गल्ल्यांपलीकडे निघाला.

तो आला. भला गृहस्थ. म्हणाला, “वकीलसाहेब, वाडा बिल्डरला दिला तेव्हा तीन टेम्पो भरून सामान गेलं. ही त्यातलीच. राहू द्या तुमच्याकडेच, आम्हांला ठेवायला जागा नाही.” कायद्याने घागर आमची होती, आणि आता नैतिक दृष्ट्याही झाली. आम्ही सुटकेचा श्वास टाकला. पण तो एकटा आला नव्हता. त्याच्या आत्याबाई बरोबर होत्या, पंचाऐंशीच्या पुढच्या. नाव जिचे कोरले होते तिची ही लेक. त्या काही बोलल्या नाहीत. घागर जवळ ओढून त्यांनी पोटावरच्या पोचावर अंगठा ठेवला.

“हा पोचा माझा,” त्या म्हणाल्या. “विहिरीच्या काठावर आपटली होती. आई दोन दिवस बोलली नव्हती माझ्याशी.” आणि मग आमच्या कुटुंबाकडे वळून, “अगं, ह्यात हे गवत कसलं?”

गवत त्याच क्षणी बाहेर गेले. घागर घेऊन जावी असे आम्ही मनापासून सुचविले. त्यांनी पुतण्याकडे पाहिले, पुतण्याने घड्याळाकडे. “नको. तांब्याची आहे, पाणी भरून ठेवा,” एवढेच त्या म्हणाल्या.

आता ती गावच्या घरी ओटीवर, तिवईवर, पाण्याने भरलेली असते. गेल्या कार्तिकात आत्याबाईंस गाडीतून तिकडे नेले होते. झोपाळ्यावर बसून त्यांनी पाणी मागितले, दोन घोट घेतले, मग उठून घागरीच्या बुडाशी बोट फिरविले आणि आमच्या सौभाग्यवतींस म्हणाल्या, “खालून नीट घासत नाही हो तुमची बाई.”