पुण्याची दोन दारं

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्यातले शेजारी तालुके. मधून भीमा वाहते. दोन्ही गावांपासून पुणं जवळपास सारख्याच अंतरावर, सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. पण शिरूरकराला विचारा, पुण्याला कसं जाता? तो म्हणेल, एस.टी.नं. दौंडकर म्हणेल, गाडीनं. आणि दौंडात गाडी म्हणजे रेल्वेगाडी. मोटार हा त्या शब्दाचा तिथला दुसरा अर्थ.

आता दारात चारचाकी नसली तर भाड्याची सांगता येते. चौघांनी मिळून गाडी ठरवायची, सकाळी निघायचं, रात्री परत. सोयीचं आहे, नाकारत नाही. पण या दोन गावांनी दीडशे वर्षं पुणं पाहिलं ते सगळ्यांच्या वाहनातून. ते वाहन जिथं उतरवील तिथून पुढं पायी जाता येईल तेवढंच पुणं आपलं, असा हिशेब होता. त्या हिशेबानं दोन गावांची दोन वेगळी पुणी तयार झाली. आज त्याविषयीच बोलायचं आहे.

आधी दौंड. मुंबई-ठाणे रेल्वे १८५३ सालची, हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. पण पुण्याहून दौंडवरून पुढं भिगवणजवळच्या दिक्सळपर्यंत रूळ पोचले ते १८५८ च्या डिसेंबरात, हे दौंडात फार जणांना ठाऊक नसतं. गंमत अशी की, तेव्हा बोरघाटाचं काम पुरं व्हायचं होतं. खंडाळा आणि खोपोलीच्या मधला घाट माणसं पालखीतून, तट्टावरून किंवा पायी उतरत. घाटातून सलग रेल्वे सुरू झाली १८६३ साली. म्हणजे मुंबई-पुणे एका गाडीत बसून जाता येण्याच्या चार वर्षं आधी दौंडचा माणूस आगगाडीतून पुण्यात उतरत होता!

१८७८ मध्ये मनमाडचा फाटा दौंडला येऊन मिळाला आणि गावाचं जंक्शन झालं. हा फाटा पुण्याकडे तोंड करून येत नाही. त्यामुळं नगरकडून पुण्याला जाणाऱ्या गाडीचं इंजिन दौंडात काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागे. तेवढ्या वेळात फलाटावर चहा होई, वडापाव होई, ओळखी होत, क्वचित सोयरिकीही जुळत. अलीकडं दौंडबाहेरून कॉर्ड लाइन झाली, काही गाड्या परस्पर वळू लागल्या. वेळ वाचतो, हे खरं.

स्टेशनामुळं काय घडतं ते पाहायचं तर याच तालुक्यातल्या केडगावला जावं. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध लागले, तेव्हा त्यांना केडगावी हलवलं. मुक्ती मिशन तिथं उभं राहिलं. रमाबाईंची जमीन रेल्वेपासून दूर आडरानात असती, तर शेकडो मुली आणि त्यांच्यासाठीचं धान्य कसं पोचलं असतं, याचा विचार करावा.

शिरूरला रूळ कधी आलेच नाहीत. घोडनदीकाठचं हे गाव इंग्रजांच्या छावणीचं. त्यामुळं त्याच्या वाट्याला रस्ता आला. हा रस्ता पायी किती लांब, याची नोंद इतिहासात आहे. ३१ डिसेंबर १८१७ च्या संध्याकाळी कंपनीची तुकडी शिरूरहून पुण्याकडे निघाली. रात्रभर चालून ती सकाळी दहाच्या सुमाराला भीमा कोरेगावला पोचली. पुणं तिथून अजून बरंच दूर होतं. शिपाई गड्यांची ही गत, तर डोक्यावर गाठोडं आणि कडेवर मूल असलेल्या बाईला किती मुक्काम पडत असतील?

याच रस्त्यावरून १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस धावली, अहमदनगर ते पुणे. (आता त्या नगरचं नाव अहिल्यानगर.) चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. वाटेत चास, सुपे, शिरूर, लोणीकंद असे थांबे. तिकीट अडीच रुपये. पुण्यात शिरताना खासगी मोटारवाल्यांकडून अडथळा होईल म्हणून पोलीस बंदोबस्तात ती कॉर्पोरेशनजवळ नेली, असं केवटे यांच्या आठवणींत आहे. पहिली एस.टी. याच रस्त्यावर का, याचं मला तरी नवल वाटत नाही. नगरहून रेल्वेनं पुण्याला यायचं तर दौंडचा वळसा. रस्ता मात्र शिरूरवरून सरळ.

तर ही दोन दारं. आमच्या घरात ती दोन्ही होती, कारण दादी शिरूरची आणि नानी दौंडची. दादीचं पुणं शिवाजीनगरला सुरू होई. तिथून शेतकी कॉलेज जवळ, कोर्ट जवळ, कॉर्पोरेशन ओलांडलं की नदीकाठी शेख सल्ल्याचा दर्गा. नानीचं पुणं स्टेशनावर सुरू होई. बाहेर पडलं की ससून, कलेक्टर कचेरी, पलीकडं कॅम्प. आजारपण निघालं की नानी दादीला ऐकवी, "समधनबाई, तुमच्या एस.टी.ला ससून लांब पडतं." दादीचं उत्तर ठरलेलं, "पण कोर्ट जवळ पडतं ना!" शिरूरकडं जमिनीचे दावे फार, त्यामुळं यावर नानीला बोलता येत नसे. दोघींना एकमेकींच्या पुण्यातलं फारसं काही माहीत नव्हतं. दोन्ही पुण्यांना सामाईक अशी जागा एकच, मंडई.

दोघीही कमी शिकलेल्या, पण पुण्याला एकट्या जात. कोणाच्या परवानगीचा प्रश्न नव्हता, गाडीची वेळ माहीत असली की पुरे. भाड्याची गाडी आली आणि ही गोष्ट हळूहळू घरातल्या पुरुषांच्या हाती गेली, असं मला वाटतं. गाडी कोण ठरवणार, पैसे कोण देणार, थांबणार किती वेळ? म्हातारीचं डोळ्याचं दाखवणं मग मुलाच्या सुट्टीवर अवलंबून.

२०२१ च्या अखेरीपासून पुढच्या एप्रिलपर्यंत एस.टी.चा संप चालला, तेव्हा शिरूरच्या बाजूला हे उघडं पडलं. कामगारांच्या मागण्या खऱ्या होत्या, पण जिच्याकडं दुसरं वाहन नव्हतं ती घरी बसली. पुढं ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी. मोफत झाली, मार्च २०२३ मध्ये बायकांना अर्धं तिकीट. सवलतीनं महामंडळ बुडेल असं म्हणणारे म्हणोत. दुपारच्या बसमध्ये पुढच्या बाकांवर कोण बसलंय ते मी पाहतो.

शिवाजीनगरचं स्थानक मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या शेवटी वाकडेवाडीला हललं आणि दादीचं दार थोडं सरकलं. पण नगर रस्त्यावर रामवाडीपर्यंत मार्च २०२४ मध्ये मेट्रो आली. शिरूरचा माणूस आता वाघोलीत उतरतो, पीएमपीनं रामवाडी गाठतो आणि मेट्रोत बसतो. तीच मेट्रो पुढं पुणे स्टेशनला थांबते, तिथं दौंडची गाडी सोडून आलेली माणसं चढतात. जिल्हा न्यायालय स्थानकात सगळे उतरतात, खोल जमिनीखाली सरकत्या जिन्यानं जातात आणि स्वारगेटची गाडी पकडतात. कसबा पेठेनंतरचं स्थानक मंडई.