आईच्या खाटेवरचा रुग्ण

‘टर्की’ हा शब्द मराठी वाचकाला नवा नाही. अनिल अवचटांचं ‘गर्द’ हे पुस्तक ज्यांनी वाचलं, किंवा १९८६ साली पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात ज्यांनी आपलं माणूस नेलं, त्यांना पूड तुटली की शरीर कसं पिळवटतं ते ठाऊक आहे. तीच टर्की तीन दिवसांच्या बाळाला येते. त्यासाठी मात्र आपल्याकडे रुळलेला शब्द नाही. ‘व्यसनी बाळ’ म्हणणं तर चूकच. आईकडून गर्भात नाळेतून मिळणारं अफूजन्य औषध जन्मताच बंद झालं, इतकंच त्याच्या बाबतीत घडलेलं असतं.

ऑस्ट्रेलियात नवजातांच्या या टर्कीचा अभ्यास करू पाहणाऱ्याने आधी तिथल्या वॉर्डात जावं. पाजून झालं की नर्स लक्षणांना गुण देण्याचा तक्ता उघडते. अमेरिकेत लोरेटा फिनेगन यांनी १९७५च्या सुमारास तयार केलेली ही गुणपद्धती इथेही रुजली. सारख्या शिंका आल्या, एक गुण. चिरका, न थांबणारा आक्रोश, तीन. पाजल्यावर तासभरही डोळा लागला नाही, पुन्हा तीन. लागोपाठ तीनदा बेरीज आठ किंवा वर गेली की मॉर्फिनचे थेंब. आता मात्र या तक्त्यावरच शंका घेतली जाते. बाळ पितं का, झोपतं का, कुशीत शांत होतं का, एवढंच पाहणारी पद्धत अमेरिकेतल्या २६ रुग्णालयांत तपासली गेली. त्या पद्धतीत बाळं सरासरी ८.२ दिवसांत घरी जाण्याजोगी झाली, जुन्या पद्धतीत १४.९ दिवस लागले. थोडक्यात, मंद उजेड, अंगावरचं दूध आणि आईची कूस हीच पहिली उपचारसामग्री.

खरी गंमत (गंमत कसली!) इथून पुढे आहे. ऑस्ट्रेलियाच्या १९७३च्या आरोग्यविमा कायद्यात दहा दिवसांच्या आतलं बाळ, आई त्याच रुग्णालयात दाखल असेल तर, सहसा स्वतंत्र रुग्ण धरलं जात नाही. ते अतिदक्षता किंवा विशेष कक्षात हलवलं, आईविना मागे राहिलं, किंवा जुळ्यातलं दुसरं असलं, तरच रुग्ण. हेतू वाईट नव्हता: धडधाकट बाळाचं वेगळं बिल कुणी कशाला भरावं? सरकारी रुग्णालयात मेडिकेअर हा सरकारी आरोग्यविमा असलेल्या आईला तसाही खर्च येत नाही. पण कागदावर काय झालं? आईपासून तोडलेलं बाळ रुग्ण, आणि आईच्या कुशीत टर्की सोसणारं बाळ तिच्याच मुक्कामात जमा. ज्या उपचाराला विज्ञान चांगला म्हणतं, तोच हिशेबात सर्वांत पुसट. माझ्या मते या क्षेत्रातला पहिला प्रश्न हाच आहे.

दुसरा प्रश्न आईचा. गरोदरपणी अफूजन्य औषध एकाएकी तोडणं धोक्याचं, म्हणून डॉक्टर तिला मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिनवर ठेवतात. म्हणजे बाळाची टर्की बऱ्याचदा आईने नेमाने घेतलेल्या उपचाराचा अपेक्षित परिणाम असते, तिच्या बेफिकिरीचा पुरावा नव्हे. हे औषध सरकार देई, पण ते देणाऱ्या दुकानाची फी अनेक बायका पदरच्या पैशाने भरत. १ जुलै २०२३पासून या औषधांना राष्ट्रीय औषध-सवलत योजनेचे नेहमीचे दर लागू झाले आणि हा भार हलका झाला.

बाळ घरी गेल्यावर मात्र सारे पांगतात. सिडनीच्या नवजाततज्ज्ञ जू-ली ओई आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली न्यू साउथ वेल्समधल्या अशा मुलांचे शालेय निकाल मांडले. सातवीतली ही मुलं इतर पाचवीतल्या मुलांच्याही मागे होती. दोष औषधाचा किती आणि घरच्या ओढगस्तीचा किती, हा वाद चालू आहे. माझ्या लेखी दोन्ही बाबतींत मदत शाळेपर्यंत पोहोचायला हवी, दहाव्या दिवशी संपायला नको.

मेलबर्न-सिडनीतल्या मराठी वाचकासाठी एक गोष्ट: भारताशी ऑस्ट्रेलियाचा परस्पर आरोग्यसेवेचा करार नाही. आईवडील दोघेही तात्पुरत्या व्हिसावर असतील, तर बाळालाही सहसा मेडिकेअर मिळत नाही. आणि हा प्रश्न फक्त पुडीचा नाही: ऑपरेशननंतर लिहून दिलेल्या अफूजन्य वेदनाशामक गोळ्यांचीही सवय जडते, तेव्हा ‘आमच्यात असलं नसतं’ म्हणून पान उलटू नका. वाचायला सुरुवात त्या १९७३च्या कायद्यातल्या ‘रुग्ण’ या शब्दाच्या व्याख्येपासून करा.