विलंबमाफी (फौजदारी अपिलातील)

विलंबमाफी : शिक्षेविरुद्ध अपील करण्याची मुदत उलटल्यानंतर, उशिराचे पुरेसे कारण पटल्यास ते अपील दाखल करून घेण्याचा न्यायालयाचा अधिकार. भारतात हा अधिकार मुदत अधिनियम, १९६३ च्या कलम ५ मधून येतो.

दंडाधिकाऱ्याने दिलेल्या शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालयात जाण्यास ३० दिवस मिळतात, सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात जाण्यास ६०; फाशीची शिक्षा असेल तर मात्र ३०. सर्वोच्च न्यायालयातील विशेष अनुमती याचिकेची मुदत सर्वसाधारणपणे ९० दिवसांची आहे. निकालाची प्रमाणित नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस यातून वजा होतात. त्यामुळे नकलेचा अर्ज कधी दिला आणि नक्कल कधी तयार झाली, या दोन तारखा आधी पाहाव्या लागतात.

अपिलासोबत स्वतंत्र अर्ज आणि शपथपत्र देऊन उशिराचे दिवस व कारण सांगावे लागते. ‘प्रत्येक दिवसाचा हिशेब द्या’ असा आग्रह न्यायालये पूर्वी धरत. अनंतनागच्या भूसंपादनाच्या एका प्रकरणात (कलेक्टर विरुद्ध कातिजी, १९८७) सर्वोच्च न्यायालयाने तो सैल केला : उशीर करून पक्षकाराला सहसा काही लाभ होत नाही, आणि तांत्रिकता व न्याय समोरासमोर आले तर न्यायाचे पारडे जड ठरावे. प्रकरण दिवाणी होते, पण हा विचार फौजदारी अपिलाला अधिकच लागू पडतो. तिथे उशीर करणारा बहुधा गजाआड असतो. वकील गाठणे, पैसे उभे करणे, कागद मिळवणे यांतले काहीच त्याच्या हाती नसते.

म्हणूनच कैद्यासाठी कायद्याने वेगळी वाट ठेवली आहे. ‘जेल अपील’ या नावाने ओळखला जाणारा अर्ज कैदी कारागृहाच्या प्रमुख अधिकाऱ्याकडे देतो आणि तो न्यायालयाकडे पाठवणे हे त्या अधिकाऱ्याचे काम असते (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३, कलम ४२४). कारावासाची शिक्षा झालेल्याला निकालाची प्रत तत्काळ व विनामूल्य मिळाली पाहिजे. कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती, तिचे उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागू शकते.

या हक्कांची कसोटी लागली ती होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७८) या प्रकरणात. मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर चार वर्षांहून अधिक काळाने कैदी सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. तोवर शिक्षा भोगूनही झाली होती. निकालाची प्रत येरवडा कारागृहाकडे पाठवली गेली होती. कैदी म्हणाला, मला ती मिळालीच नाही. ती दिली होती, पण दयेच्या अर्जाला जोडण्यासाठी परत घेतली, असे कारागृहाचे म्हणणे होते. कैद्याच्या सहीची पोच कुठेही नव्हती. याचिका अखेर फेटाळली गेली. मात्र न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी प्रत वेळेत देणे, तिची लेखी पोच घेणे आणि अपिलासाठी मोफत वकील देणे हे संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील न्याय्य कार्यपद्धतीचे भाग ठरवले. एका पोचपावतीला इतके महत्त्व का, हे या प्रकरणाइतके स्पष्ट क्वचितच दिसते : प्रतच नसेल तर अपील करायचे कशाच्या आधारावर?

काही विशेष कायद्यांत माफीलाही मर्यादा आहे. राष्ट्रीय तपास संस्था अधिनियमात अपिलाची मुदत ३० दिवसांची असून ९० दिवसांनंतर अपील घेऊच नये, असे शब्द आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ते शब्द बंधनकारक मानले नाहीत आणि सबळ कारण असल्यास ९० दिवसांनंतरचाही उशीर माफ करता येईल, असा अर्थ लावला. व्यक्तिस्वातंत्र्य पणाला लागलेले असताना हाच अर्थ योग्य वाटतो.

उशीर माफ झाला म्हणजे शिक्षा थांबली, असे नव्हे. ती स्थगित करून जामीन मिळवण्यासाठी वेगळा अर्ज लागतो. अपिलाचा मार्ग संपल्यावर पुनर्विलोकन आणि त्यानंतर क्युरेटिव्ह याचिका उरते. राज्यपाल व राष्ट्रपती यांच्याकडे दयेचा अर्जही करता येतो.

एक दावा मात्र मुदतीच्या पलीकडचा आहे : गुन्ह्याच्या वेळी आपण अल्पवयीन होतो, हा. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ९ नुसार तो कोणत्याही टप्प्यावर, खटल्याचा अंतिम निकाल लागल्यानंतरही, मांडता येतो. पुण्यातील १९९४ च्या हत्याकांडात फाशीची शिक्षा झालेल्या एका आरोपीचे अपील सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये फेटाळले होते. पुढे राजस्थानातील शाळेच्या नोंदीवरून त्याने वयाचा प्रश्न उभा केला. पुण्याच्या प्रधान जिल्हा न्यायाधीशांकडून चौकशी झाली. घटनेच्या वेळी तो सुमारे साडेबारा वर्षांचा होता, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये मान्य केले आणि त्याच्या सुटकेचा आदेश दिला. अल्पवयीन म्हणून त्याला जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता आले असते. तोवर त्याने तुरुंगात २८ वर्षांहून अधिक काळ काढला होता.