उतारी कोणाची?

शिरोडा म्हटले की मराठी वाचकाला १९३० सालचा मिठाचा सत्याग्रह आठवतो, आणि १९२० ते १९३८ या काळात तेथील शाळेत शिकवणारे वि. स. खांडेकर आठवतात. पत्ते कोणालाच आठवत नाहीत. तरीही ब्रिजवरील पुस्तकांतून पुनःपुन्हा भेटणाऱ्या एका प्रश्नाचा विचार करता करता आम्ही या मुलखापाशी येऊन थांबलो. प्रश्न असा: हातात दोन रंग सारखेच लांब आले, तर आधी कोणता उघडावा? शिरोड्याच्या पाठीमागे, थोडे आत, सावंतवाडी आहे. तेथील गंजिफेत पहिला रंग कोणता हे ठरलेले असे, आणि ते ठरवण्याचा अधिकार खेळाडूला नसे. तो सूर्याकडे होता.

दशावतारी गंजिफेत पाने एकशे वीस, आकाराने गोल. रंग दहा, मत्स्यापासून कल्कीपर्यंत. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा पाने. त्यांपैकी निम्म्या रंगांत प्रधानाखालोखाल दश्शी मोठी, तर उरलेल्या निम्म्यांत क्रम उलटा आणि एक्का मोठा. खेळणारे तिघे, प्रत्येकाला चाळीस पाने. भिडू नाही, बोली नाही, तुरुप नाही. शिरोडा-आरवलीच्या परिसरात जत्रेच्या रात्री उभे राहणारे दशावतारी नाटक ज्यांनी लहानपणापासून पाहिले, संकासुराचे पळणे आणि धरले जाणे पाहिले, त्यांना या दहा रंगांची ओळख निराळी करून द्यावी लागत नसणार.

उतारीचा नियम एका वाक्यात मावतो. दिवसा खेळ मांडला असेल तर रामाचा राजा ज्याच्या हाती त्याची उतारी. रात्री कृष्णाचा राजा ज्याच्या हाती त्याची.

हा नियम सावंतवाडीने शून्यातून घडवलेला नाही. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनाकडे गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, आणि अबुल फझलने ऐन-ए-अकबरीत बारा रंगांच्या, एकशे चव्वेचाळीस पानांच्या खेळाचे वर्णन केले आहे. पुढे रूढ झालेल्या आठ रंगांच्या, शहाण्णव पानांच्या मोगली गंजिफेत दिवसा सोन्याच्या नाण्याचा रंग पुढे येई, रात्री चांदीच्या नाण्याचा. म्हणजे एक सूर्य, दुसरा चंद्र. दशावतारी गंजिफेने या जागी राम आणि कृष्ण बसवले. राम सूर्यवंशातला, जन्म भर दुपारी. कृष्ण चंद्रवंशातला, जन्म मध्यरात्री. मोगली खेळाला हिंदू देवांची चित्रे चिकटवली, एवढ्यावर हा विषय पुष्कळदा आटोपला जातो. आम्हांस ते पटत नाही. ज्याने ही अदलाबदल केली त्याने नियमाचा आशय ओळखला होता आणि आपल्या परंपरेत त्याला नेमके जुळणारे दोन अवतार शोधून काढले होते. चित्रे चिकटवणाऱ्याला हे सुचत नाही.

या खेळाचा एक शब्द मात्र आपल्या तोंडी राहिला, तो अर्थ बदलून. गंजिफेत 'हुकूम' म्हणजे त्या त्या रंगातले, अजून न खेळले गेलेले सर्वांत मोठे पान. राजा गेला की प्रधान हुकूम होतो, प्रधान गेला की त्याखालचे पान. चाळीस पाने हातात धरून दहा रंगांतले हुकूम कोणते हे ध्यानात ठेवणे, हाच खेळ. आता हुकूम म्हणजे इतर रंगांना मारणारा रंग. आणि तो आता कोणीतरी बोलावा लागतो.

ब्रिजमध्ये या बोलण्याचीच विद्या झाली. हेरॉल्ड व्हँडरबिल्टने १९२५ साली काँट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धती बांधली, एली कल्बर्टसनने १९३० च्या 'ब्ल्यू बुक'ने बोलीचे नियम घराघरांत नेले. बोलीत किलवर, चौकट, बदाम, इस्पिक असा चढता क्रम. समजा, हातात पाच इस्पिक आणि पाच बदाम आहेत. बदाम अधिक भक्कम दिसले तरी जाणता खेळाडू आधी 'एक इस्पिक' म्हणतो. पुढल्या फेरीत तो 'दोन बदाम' म्हणेल. भिडूला बदाम आवडले तर तो गप्प राहील, इस्पिक आवडले तर 'दोन इस्पिक' म्हणेल. दोन्ही वाटांनी आठ हातांत काम भागते. उलट क्रमाने, आधी बदाम आणि मग 'दोन इस्पिक' असे बोलले, तर बदामाकडे परतू पाहणाऱ्या भिडूला 'तीन बदाम' म्हणावे लागते, आणि एक हात जास्त करण्याचे ओझे डोक्यावर येते. पहिला रंग निवडताना दुसऱ्या रंगाची आणि समोरच्या माणसाच्या अडचणीची सोय पाहायची, असा हा हिशोब आहे.

तो सर्वत्र सरळ चालत नाही. पाच इस्पिक आणि पाच किलवर असतील तर काय, यावर मतभेद झाले. जुन्या अमेरिकी परंपरेत अनेकजण किलवर आधी बोलत. आज बहुतेक जण इस्पिक बोलतात. फ्रान्समध्ये पिएर अल्बाराँने तर लांब रंग राखून ठेवून आखूड रंग आधी बोलायची पद्धत पुढे आणली. इटलीच्या 'ब्ल्यू टीम'मधील जोड्यांनी ती आपल्या पद्धतींत घेतली, आणि त्या संघाने १९५७ ते १९६९ या काळात जागतिक अजिंक्यपदाचा बर्म्युडा बाउल दहा वेळा जिंकला. म्हणजे लांब रंग आधी बोललाच पाहिजे, असे निसर्गात कुठे लिहिलेले नाही. आपण कोणत्या क्रमाने बोलतो हे भिडूला माहीत हवे, आणि नियमाप्रमाणे प्रतिस्पर्ध्यांनाही.

येथे एक आक्षेप येईल: गंजिफेतली उतारी आणि ब्रिजमधली बोली या भिन्न गोष्टी आहेत, एकीत पान टाकायचे, दुसरीत शब्द. आक्षेप मान्य. पण आम्हांस हा फरकच महत्त्वाचा वाटतो. गंजिफेत तिघेही एकमेकांचे प्रतिस्पर्धी. तेथे आरंभ कोणाच्या लाभाचा असू नये म्हणून तो आकाशाकडे सोपवला. ब्रिजमध्ये चौघांत दोन जोड्या झाल्या, भिडूशी बोलणे आले, आणि बोलणे आले की निवडीची जबाबदारी आली.

चिंचोक्याच्या खळीने कागद-कापडाचे थर चिकटवून, रंगवून, लाख चढवून चिताऱ्यांनी केलेला गंजिफांचा संच छापील बावन्न पानी कॅटच्या स्वस्ताईपुढे टिकणे शक्य नव्हते. राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकात राजवाड्यातच कारागिरांना बसवून ही कला वाचवली. मुंबईत राहून कलासमीक्षा करणाऱ्या रूडॉल्फ फॉन लायडनने गंजिफांचा अभ्यास केला. गंजिफांचे प्रदर्शन १९८२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात भरले. हे ऋण मोठेच आहे. पण वाचली ती पाने. आज ती भेटवस्तू म्हणून विकत घेतली जातात, चौकटीत बसवून भिंतीवर लावली जातात, आणि भिंतीवरच्या रामाला दिवस की रात्र हे कोणी विचारत नाही. चिताऱ्याचे काम सांभाळले म्हणजे गंजिफा सांभाळली, असे समजणे आम्हांस अपुरे वाटते. तिचा अर्धा भाग हाताच्या कौशल्यात होता, अर्धा तिघांच्या स्मरणशक्तीत.

खेळ पुन्हा मांडायला फार काही लागत नाही. एक संच, तीन माणसे, पसरायला चादर. पाने प्रत्येकी चाळीस वाटायची, आणि बाहेर उजेड असेल तर रामाचा राजा कोणाकडे आला ते विचारायचे.