तरंगंबाडी : कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील एक किनारी गाव

किनाऱ्यावरील लहान गावांचा इतिहास लिहिताना एक अडचण हमखास येते. कागदपत्रे उपलब्ध असतात ती कंपन्यांची, किल्लेदारांची आणि मिशनऱ्यांची. होडी ओढणाऱ्यांची नसतात. तमिळनाडूतील तरंगंबाडी हे याचे ठळक उदाहरण आहे. युरोपीय नोंदींत ‘ट्रांकेबार’ म्हणून येणारे हे गाव १६२० ते १८४५ या काळात डॅनिश वसाहत होते, आणि बहुतेक पुस्तकांत त्याची ओळख तेवढ्यावरच संपते.

प्रथम भूगोल पाहू. विद्यार्थ्यांनी नकाशा समोर ठेवावा. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, कारैक्कलच्या थोडे उत्तरेला हे गाव आहे. बंदर म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे कोकणातील डोंगरांनी वेढलेली खाडी येते. येथे तसा नैसर्गिक आडोसा मुळीच नाही. किनारा सपाट, वाळूचा आणि सरळ. लाटा सतत फुटणाऱ्या. त्यामुळे जहाजे बाहेर खोल पाण्यात नांगर टाकीत आणि माणसे व माल स्थानिक होड्यांतून आणावा लागे. या ‘मसुला’ होड्यांच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असत. खिळे ठोकलेली ताठ होडी लाटेच्या तडाख्यात फुटते, शिवलेली होडी लवते. थोडक्यात, किल्ला कोणाचाही असो, त्यातील व्यापाऱ्यांना किनारा गाठण्यासाठी कोळ्यांचे हात लागत. ही गोष्ट पुढील साऱ्या इतिहासात लक्षात ठेवावी.

गावाच्या नावाचा ‘गाणाऱ्या लाटांचे गाव’ असा अर्थ पर्यटनपत्रकांत हटकून सांगितला जातो. मराठी माणसाला तर त्यात ‘तरंग’ आणि ‘वाडी’ दोन्ही ऐकू येतात. परंतु येथील मासिलामणिनाथ मंदिराच्या चौदाव्या शतकारंभीच्या पांड्यकालीन शिलालेखात गावाचे नाव ‘सडंगनपाडी’ असे आहे. तमिळ ‘पाडी’ म्हणजे वस्ती. सुंदर व्युत्पत्तीपेक्षा शिलालेखाला अधिक वजन द्यावे, हे बरे.

१६२० मध्ये ओव्ह गेड्डे या डॅनिश अधिकाऱ्याने तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार केला. डॅनिशांना मिरी आणि सुती कापड हवे होते. नायकाला नागपट्टणमच्या पोर्तुगीजांना शह देणारा दुसरा ग्राहक हवा होता. सोन्याच्या पत्र्यावर कोरलेले नायकाचे पत्र आजही कोपनहेगनला जपलेले आहे. करारानंतर समुद्रकाठी डान्सबोर्ग किल्ला उभा राहिला. नायकाने गाव दिले ते वार्षिक रकमेच्या बदल्यात. म्हणजे डॅनिश येथे प्रथम आले ते भाडेकरू म्हणून.

या भाडेकरूंची अवस्था लवकरच केविलवाणी झाली. १६४३ नंतर सुमारे पंचवीस वर्षे, १६६९ पर्यंत, डेन्मार्कहून एकही जहाज आले नाही. मायदेश युद्धांत गुंतलेला, कंपनी मोडलेली. एस्किल्ड अँडर्सन कोंग्सबाके या सामान्य घरातील माणसाने अखेरीस जवळजवळ एकट्यानेच किल्ला सांभाळला. बंगालची जहाजे लुटून तो खर्च भागवी. गावाभोवतीची तटबंदीही त्याच्याच काळातील. ‘डॅनिश सत्ता’ या भारदस्त शब्दामागे असा एकांडा शिलेदार आणि त्याला टिकवून धरणारे स्थानिक लोक होते.

१६७० च्या दशकात तंजावरला व्यंकोजी भोसल्यांची सत्ता आली आणि डॅनिशांचा शेजारी मराठा राजा झाला. संबंध नेहमीच गोडीचे नव्हते. १६९९ मध्ये तंजावरच्या फौजेने गावाला वेढा घातला. पुढे १७०६ मध्ये बार्थोलोमेउस झीगेनबाल्ग येथे आला, छापखाना निघाला आणि १७१५ पर्यंत तमिळ नवा करार छापून झाला. याच मिशनमधून श्वार्ट्झ तंजावरला गेला. दुसऱ्या सरफोजी राजांचा तो गुरू. त्या राजाने पुढे स्वतःचा छापखाना काढला.

१८४५ मध्ये डेन्मार्कने हे गाव श्रीरामपूरसह साडेबारा लाख रुपयांना ईस्ट इंडिया कंपनीला विकले. काही वर्षे जिल्ह्याची कचेरी येथे होती. १८६० च्या सुमारास ती हलली. १८६१ मध्ये नागपट्टणम रेल्वेने तंजावरला जोडले गेले आणि व्यापार तिकडे गेला. युरोपीय वास्तू टिकून राहिल्या त्या बऱ्याच अंशी या पडझडीमुळेच, कारण त्या पाडून नवे बांधण्याइतका पैसा गावात उरला नव्हता.

आता तटाबाहेर पाहू. किल्ल्याशेजारी कोळ्यांची वस्ती आहे. समुद्र येथे जमीन खात आला आहे. मासिलामणिनाथ मंदिराचा समुद्राकडील भाग त्याने गिळला, आणि आता दगडी बांध घालून उरलेला वाचवला जातो. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत तत्कालीन नागपट्टणम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे गेली; तरंगंबाडीतही शेकडो घरे कोसळली. नंतर कोळ्यांना किनाऱ्यापासून दूर पक्की घरे देऊ करण्यात आली. घर सुरक्षित, पण होडी, जाळी आणि समुद्राचा रंग नजरेआड! लाट पाहून होडी लोटायची की नाही हे ठरवणाऱ्याला हे अंतर फार वाटते. त्याच वर्षांत किल्ला, जुने रस्ते आणि युरोपीय घरे यांची डॅनिश व भारतीय मदतीने डागडुजी झाली. डान्सबोर्गमधील संग्रहालयात डॅनिश काळातील वस्तू मांडलेल्या आहेत. होड्या दीर्घकाळ उघड्या वाळूवरूनच समुद्रात लोटल्या जात.